रात्रपाळी सुटेल, झोपेचं काय?

टेक्ससमधल्या एका परिचारिकेचं पत्र आहे. वय ४१. मूळच्या कराडजवळच्या. मिरजेला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), पुण्यात पोस्ट बेसिक बीएस्सी, मग आठ वर्षं कुवेत आणि २०१६ पासून ह्यूस्टनमध्ये मेडिकल-सर्जिकल फ्लोअरवर रात्रपाळी. ग्रीन कार्ड आहे. दोन मुलं, बारा आणि आठ वर्षांची. पाठ धरलेली, झोपेचा बट्ट्याबोळ. फ्लोअरवरच्या तीन मल्याळी मैत्रिणी ऑनलाइन शिकून नर्स प्रॅक्टिशनर (एनपी), म्हणजे स्वतः निदान करून औषध लिहून देणाऱ्या परिचारिका, झाल्या आणि आता सगळे यांच्याही मागे लागलेत की मानसोपचाराची एनपी हो, म्हणजे पीएमएचएनपी. घरबसल्या व्हिडिओवर पेशंट बघायचे, अंगमेहनत नाही, पगार दीड लाख डॉलरच्या घरात. एका विद्यापीठाची जाहिरातही त्यांनी जोडली आहे: दोन वर्षं, पूर्ण ऑनलाइन, फी ५५ हजार डॉलर. धास्ती तीन गोष्टींची. मानसोपचाराचा अनुभव म्हणजे जीएनएमच्या वेळची रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातली महिन्याभराची पोस्टिंग, तेवढाच. इंग्रजी बोलताना अजून अडखळायला होतं. आणि वय. नवरा म्हणतो, बिनधास्त कर. पत्राच्या शेवटी, कंसात, एक ओळ आहे: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, तो कराडला आई-वडिलांजवळ असतो, 'मी हे शिकले तर त्यालाही उपयोग होईल.'

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात 'झोप' हा शब्द सहा वेळा आलाय आणि 'पेशंट' एकदा. मुद्दाम मोजलं. हा टोमणा नाही हं. मीही नऊ वर्षं महाराष्ट्रातल्या एका मनोरुग्णालयात पाळ्या केल्या आहेत, आता न्यू जर्सीत हीच एनपी आहे, आणि पहाटे साडेतीनला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते मला ठाऊक आहे. पण त्यामुळे तुमचा प्रश्न मला जरा वेगळाच ऐकू आला. हे करिअर चांगलं आहे का, असं तुम्ही विचारलंय. चांगलं आहे, वादच नाही. मला मात्र असं विचारावंसं वाटतं की रात्रपाळीतून सुटायला हीच वाट का? दिवसपाळीची बदली, डायलिसिस, केस मॅनेजमेंट, एंडोस्कोपी... या वाटांना ५५ हजार डॉलर पडत नाहीत. पीएमएचएनपी व्हायचं तर त्या कामासाठी व्हावं. नुसतं पळून जायला ही फार महाग गाडी आहे.

आणि त्यात एक गोम आहे, जी जाहिरातीत कुणी लिहीत नाही. फ्लोअरवर सकाळी सात-सव्वासातला तुम्ही हँडओव्हर देता. बारा नंबरचं पोटॅशियम, चौदा नंबरचं ड्रेसिंग, सगळं दुसरीच्या पदरात घालता आणि पार्किंगकडे चालू लागता. रात्री ज्याचा ऑक्सिजन घसरला होता तो आता तिचा पेशंट. पाय दुखतात, पण डोकं मोकळं असतं. एनपीच्या कामात हँडओव्हरच नाही. शुक्रवारी दुपारी साडेचारला एकोणीस वर्षांचा मुलगा समोर बसून 'आय ॲम फाइन' म्हणतो. त्याला डिप्रेशनची गोळी आपणच दोन आठवड्यांपूर्वी सुरू केलेली असते. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर एफडीएचा, म्हणजे अमेरिकी औषध नियामकाचा, काळ्या चौकटीतला इशारा छापलेला असतो. तो आपल्याला पाठ असतो. मुलाची आई बाहेर बसलेली असते. त्याला घरी पाठवायचं की इमर्जन्सीत, हे आपण ठरवायचं. घरी पाठवला तर शनिवारी पोळ्या लाटतानासुद्धा फोन ओट्यावर उताणा ठेवलेला असतो. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. रात्री घरी होते, पण झोपेत नव्हते. आता झोपते. त्याला दोन वर्षं लागली आणि एका चांगल्या वरिष्ठ डॉक्टरची साथ लागली.

'अंगमेहनत नाही' हे खरं आहे. 'हलकं काम' हे नाही. नव्या पेशंटला तासभर मिळतो, जुन्याला वीस मिनिटं, कुठे कुठे पंधराच. त्या वेळात त्याची झोप, भूक, दारू, पैसे, बायको आणि शेवटी गोळी. मग चार्टिंग, औषधाच्या मंजुरीसाठी विमा कंपनीशी फोनाफोनी, फार्मसीचे निरोप. दिवसाला अठरा-वीस पेशंट असले की संध्याकाळी घरातल्या माणसांशी बोलायला शब्द उरत नाहीत. माझा मुलगा म्हणायचा, आई सगळ्यांचं ऐकते आणि आमच्यापाशी नुसतं 'हं' म्हणते.

आता तुमच्या तीन धास्तींकडे येते, आणि इथे मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

मानसोपचाराचा अनुभव नाही म्हणता. अर्धं खरं. पण मेडिकल-सर्जिकलचा अनुभव आहे त्याला तुम्ही उणे खात्यात का टाकलंत? माझ्याकडे साठीच्या एक बाई यायच्या. वीस वर्षं लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर, एकदम स्थिर. एकदा आल्या तर फॉर्मवर सही करताना पेन कागदावर टकटक वाजत होतं, आणि आत येताना त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. 'पोट बिघडलंय दोन दिवस,' एवढंच म्हणाल्या. लंगडत होत्या म्हणून गुडघ्याचं विचारलं, तर आठवडाभर दुकानातून आणलेलं आयबुप्रोफेन चालू, दिवसातून तीनदा. त्या गोळीने मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं, रक्तातली पातळी चढत जाते. तिथूनच इमर्जन्सीत पाठवलं. मला हे वॉर्डात सलाइनी लावताना शिकलेलं कामी आलं. ऐंशीच्या आजोबांना भिंतीवर माणसं दिसायला लागली तर आधी लघवीची तपासणी मागणारी एनपी आणि आधी मनोविकाराची गोळी लिहिणारी एनपी, यांत तुम्ही पहिलीच व्हाल. तेव्हा ही जमा बाजू आहे.

उणीव आहे ती वेगळी. ज्याचं दुखणं ना मॉनिटरवर दिसतं ना लॅबमध्ये, त्या माणसासमोर नुसतं बसायची सवय तुम्हाला नाही. ती ऑनलाइन येत नाही. जीएनएमला आपण पेप्लॉबाईंच्या चार पायऱ्या घोकल्या होत्या, आठवतं? ओरिएंटेशन, आयडेंटिफिकेशन, एक्स्प्लॉयटेशन, रेझोल्यूशन. पाच मार्कांचा प्रश्न. त्याच हिल्डगार्ड पेप्लॉ यांनी १९५४ मध्ये इथे न्यू जर्सीत, रटगर्समध्ये, मानसोपचार परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि परिचारिका-रुग्ण हे नातंच उपचार असतं असं म्हणून दाखवलं. मला ते पाच मार्क घोकून वीस वर्षांनी समजले. म्हणून माझा पहिला सल्ला: प्रवेश घेण्याआधी वर्षभर तरी मानसोपचार युनिटवर आरएन (नोंदणीकृत परिचारिका) म्हणून काम करा. तुमच्याच हॉस्पिटल साखळीत असं युनिट असेल. बदली न जमल्यास पीआरएन (लागेल तेव्हा बोलावणं) म्हणून महिन्यातून चार पाळ्या. तिथे जेवणानंतर चमचे मोजा, गोळी जिभेखाली लपवली नाही ना बघा, दार आपटणाऱ्या माणसाशी आवाज न चढवता बोला. दोन वर्षं आरएन आणि गेल्या तीन वर्षांत मानसोपचारात दोन हजार तास झाले, सोबत तीस तासांचं सातत्य-शिक्षण केलं, की आरएन पातळीचंच पीएमएच-बीसी हे प्रमाणपत्रही मिळवता येतं. एनपी नाही झालात तरी ते वाया जात नाही.

इंग्रजीबद्दल. उच्चाराची काळजी सोडा. माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' अजून एकच आहे. अडचण उच्चारात नसते, आपल्या वळणं घेऊन बोलण्यात असते. आपण मराठीत काय विचारतो? 'मनात काही वाईटसाईट येतं का हो?' सुरुवातीला मी त्याचंच इंग्रजी करून 'बॅड थॉट्स?' विचारलं. समोरचा ट्रक ड्रायव्हर हसला. म्हणाला, मॅम, बॅड थॉट्स कुणाला नसतात. माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, जे विचारायचं आहे तोच शब्द वापर. मग गाडीत बसून, काचा वर करून, मी ते वाक्य पाठ केलं: आर यू थिंकिंग ऑफ किलिंग युवरसेल्फ? पंधरा-वीस वेळा. पहिल्यांदा घशात अडकलं होतं. असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. एवढं एक वाक्य न अडखळता बोलता आलं की बाकीच्या व्याकरणाला पेशंट माफ करतात.

आणि मराठी असण्याचा तोटा नाही, उपयोग आहे. नातवंडं सांभाळायला आलेल्या एक आजी 'जीव घाबराघुबरा होतो' म्हणायच्या. दुभाष्याने दर वेळी 'घाबरल्या आहेत' एवढंच कळवलं. हृदयाच्या डॉक्टरकडून दोनदा निर्दोष सुटून त्या माझ्यापर्यंत पोचल्या. 'कशात मन लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात', 'अंगातलं बळ गेलं' ही वाक्यं ज्याला जशीच्या तशी कळतात असा माणूस समोर असणं म्हणजे काय, ते त्या आजींना विचारा. फक्त एक सावधगिरी: आपलं गाव इथेही लहानच असतं. मंडळाच्या गणपतीत आरतीला तुमचा पेशंट शेजारी उभा असेल. त्याने ओळख दाखवली नाही तर आपणही दाखवायची नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा.

वयाचं तर मला समजतच नाही. वर्षभर युनिट, अडीच वर्षं शिक्षण धरलं तरी तुम्ही पंचेचाळिशीत बाहेर पडाल. पुढे वीस वर्षं आहेत, आणि या कामात पांढरे केस भांडवल असतात.

आता पायऱ्या. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी वाचत असतील म्हणून जरा सविस्तर. तुमचं जीएनएम आणि पोस्ट बेसिक इथल्या बीएसएनच्या (नर्सिंगच्या पदवीच्या) तोडीचं धरायला काही विद्यापीठं तयार असतात, काही कुरकुरतात. अर्जाची फी भरण्याआधी लेखी विचारा आणि मिरज-पुण्याहून गुणपत्रिका मागवायला आजच कुणाला तरी धाडा. नर्सिंग स्कूलच्या ऑफिसातला तो कागद मिळायला पदवीइतकाच वेळ जातो. पुढे मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यात प्रगत पॅथोफिजिओलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी, प्रगत औषधशास्त्र हे तीन 'पी' स्वतंत्र विषय म्हणून हवेतच. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळे वयोगट, आणि निदान दोन प्रकारच्या मानसोपचार-संवादपद्धतींचं प्रशिक्षण. एएनसीसी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला बसायला देखरेखीखालचे किमान ५०० क्लिनिकल तास लागतात, पण एनपीच्या शाळांसाठीच्या राष्ट्रीय निकषांनी २०२२ मध्ये तो आकडा ७५० वर नेला. परीक्षा साडेतीन तासांची, १७५ प्रश्न, त्यातले १५० मोजले जातात. प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचं.

त्या ७५० तासांपाशी थांबा. आठवड्याला आठ तासांचे दोन दिवस धरले तरी ४७ आठवडे होतात. म्हणजे 'पूर्ण ऑनलाइन' कोर्समधलं जवळजवळ एक वर्ष तुम्ही दिवसा कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये बिनपगारी बसणार आणि रात्री फ्लोअरवर. नवऱ्याने 'बिनधास्त कर' म्हटलंय ना, त्यांना हा आकडा दाखवा, आणि त्या वर्षात मुलांचा डबा, शाळेची ने-आण आणि तापाची रात्र कुणाची, ते कॅलेंडरवर लिहून घ्या. तोंडी नको.

शाळा निवडताना मला एकच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो: प्रिसेप्टर कोण शोधणार? म्हणजे ज्याच्या हाताखाली ते तास भरायचे तो डॉक्टर किंवा एनपी. काही शाळा स्वतः लावून देतात. काही विद्यार्थ्यावर सोडतात, आणि मग बिचाऱ्या मुली साठ-सत्तर क्लिनिकांना ईमेल करत बसतात, नाहीतर एजन्सीला हजारो डॉलर मोजतात. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत 'विद्यार्थ्यांना प्रिसेप्टर शोधण्यास साहाय्य' असं म्हटलंय. साहाय्य म्हणजे यादी पाठवणं की जागा देणं? लेखी उत्तर घ्या. शाळेला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे का, टेक्ससमध्ये क्लिनिकल करायची परवानगी आहे का, पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणारे किती, हेही. विचारलेलं आवडत नसेल तर ती शाळा तुम्हालाही आवडून घ्यायची गरज नाही.

यानंतर राज्याचा कायदा, आणि इथे तुमच्या मैत्रिणींनी सांगितलेलं चित्र सर्वांत जास्त फाटतं. निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी स्वतंत्रपणे निदान आणि औषधोपचार करू शकते. टेक्सस त्यांत नाही. तिथे औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, ठरावीक बैठका लागतात, आणि स्वतःचं क्लिनिक काढलंत तर तो डॉक्टर महिन्याची फी घेतो. शिवाय टेक्ससमध्ये एनपीला शेड्यूल टूची, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिस सोडून बाहेर लिहिता येत नाहीत. म्हणजे मुलांच्या एडीएचडीच्या नेहमीच्या उत्तेजक गोळ्या बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये तुमच्या सहीने निघणार नाहीत. शेजारच्या न्यू मेक्सिकोत स्वतंत्र प्रॅक्टिस चालते. (आम्हाला न्यू जर्सीत तर एनपी म्हणतही नाहीत, एपीएन म्हणतात. दर राज्याचं वेगळं बारसं.) तुमचं आरएनचं कॉम्पॅक्ट लायसन्स चाळीसेक राज्यांत चालतं, त्यावरून फसू नका, एनपीचं लायसन्स राज्याराज्याचं वेगळं काढावं लागतं.

'घरून व्हिडिओवर' हेही तिथेच येतं. पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं. नियंत्रित औषधं प्रत्यक्ष न भेटता लिहायला २००८ च्या केंद्रीय कायद्याने मुळात मनाई आहे. कोविडपासूनची सूट मुदतवाढींवर चालत आली आहे. त्या भरवशावर घर बांधू नये. झटपट व्हिडिओ, झटपट गोळी असल्या कंपन्या नव्या एनपींना चांगल्या पगारावर उचलतात, पण प्रिस्क्रिप्शनवर नाव तुमचं असतं आणि नियंत्रित औषधं लिहायचा डीईए नंबरही तुमचाच. पहिली दोन वर्षं तरी अशा ठिकाणी काढा जिथे शेजारच्या खोलीचं दार वाजवून 'जरा हे बघता का' असं कुणाला तरी म्हणता येईल.

पैशांचं थोडक्यात. सरकारी श्रम सांख्यिकीनुसार मे २०२३ मध्ये सगळ्या शाखांच्या एनपींचा मध्यक पगार १ लाख २६ हजार २६० डॉलर होता, आरएनचा ८६ हजार ७०. फरक ४० हजारांचा, करापूर्वी. पण तुम्ही रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम धरून ९८ हजार कमावता असं लिहिलंय, तेव्हा तुमचा फरक तेवढा नाही. दीड लाखाच्या ऑफर असतात. त्या बहुतेकदा अनुभवींना किंवा '१०९९' वर, म्हणजे कंत्राटी. त्यात विमा, सुट्टी काही नाही, आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर तुमच्या खिशातून. करार हातात आला की तीन गोष्टी शोधा: रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचे पैसे मिळतात का, नोकरी सोडल्यावर मालप्रॅक्टिस विम्याची 'टेल', म्हणजे नंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचं संरक्षण, त्याचे पैसे कोण भरणार, आणि सोडल्यावर किती मैलांत काम करायचं नाही. मागणीची मात्र काळजी नको. २०२३ ते २०३३ या दशकात एनपींच्या नोकऱ्या ४६ टक्क्यांनी वाढतील असा त्याच खात्याचा अंदाज होता. मोठ्या शहरांत नव्या मुलींची गर्दी दिसते, पण तुरुंग, व्यसनमुक्ती केंद्रं, ग्रामीण दवाखाने, वृद्धाश्रम अशा जागी माणूस मिळत नाही.

ही पत्रं पुण्या-सांगलीतही वाचली जातात, म्हणून दोन शब्द तिकडच्यांसाठी. 'भारतात बसून ऑनलाइन पीएमएचएनपी करा' असं सांगणारा एजंट भेटला तर चहा घेऊन उठा. क्लिनिकल तासांना इथलं आरएन लायसन्स लागतं. एफ-वन व्हिसावर येऊन शिकायचं तर एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय धरला जातो. सरळ वाट म्हणजे एनसीएलईएक्स ही आरएनची परीक्षा, व्हिसास्क्रीन ही व्हिसाआधीची कागदपत्रांची पडताळणी, आरएन म्हणून येणं आणि नंतर शिकणं. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे, ती हिशेबात धरा. आणि यायलाच हवं असंही नाही. गोळ्या लिहून देणारी मानसोपचार परिचारिका असं पद भारतात नाही, हे खरं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आणला तोही क्रिटिकल केअरचा. पण मानसोपचार परिचर्येचा वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, दोन वर्षांची एमएस्सी आहे, बेंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि गोव्यात बांबोळी इथल्या मनोरुग्णालयांत काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर किमान पंधरा वर्षं अनुभवाच्या परिचारिकेला खुर्ची दिली आहे. आमच्या वेळी मनोरुग्णालयातली बदली म्हणजे शिक्षा समजत. इन्चार्ज सिस्टर कुणावर खवळल्या की म्हणायच्या, 'पाठवू का तिकडे?' मी तिकडेच होते.

आता तुमची कंसातली ओळ. शेवटी ठेवली, कारण तुम्हीही शेवटी ठेवलीत.

तुम्ही एनपी झालात तरी भावाला गोळी लिहून देऊ शकणार नाही. टेक्ससचं लायसन्स कराडला चालत नाही, आणि चाललं असतं तरी घरच्या माणसाचा उपचार आपण करायचा नसतो. पण कायद्यापेक्षा वेगळी भीती मला वाटते. आत्ता तुम्ही फोन करता तेव्हा त्याची ताई असता. उद्या 'झोप कशी आहे, आवाज ऐकू येतात का, गोळी चुकली का' असा इनटेक, म्हणजे नव्या पेशंटची चौकशी, सुरू होईल. तिकडे आई-वडीलही म्हणतील, तुझं ऐकतो तो, तूच सांग. आणि ज्या दिवशी तो पुन्हा आजारी पडेल त्या दिवशी तुम्हाला वाटेल की शिकूनही काही करता आलं नाही. आमच्या क्षेत्रात अशा बऱ्याच जणी आहेत. घरातल्या दुखण्यातून आलेल्या. त्यांतल्या काही फार उत्तम काम करतात, काहींना दर तिसऱ्या पेशंटमध्ये आपला भाऊ दिसतो. तुमचं कोणतं होईल ते मी सांगू शकत नाही, पण प्रवेश अर्जातल्या 'हे क्षेत्र का' या निबंधाआधी त्याबद्दल नवऱ्याशी एकदा मोकळं बोला. पत्रावरून तरी वाटतं की घरात ते कुणी मोठ्याने बोलत नाही.

भावासाठी लगेच करता येण्यासारखं वेगळं आहे. कराडहून १४४१६ वर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला मराठीत बोलता येतं, फुकट. आई-वडिलांनी स्वतःच्या दमणुकीबद्दल बोललेलंही चालतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. आणि तुमच्यासाठी, इथे, नामी या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेचा कुटुंबीयांचा आठ सत्रांचा वर्ग आहे, बिनपैशाचा. तिथे परिचारिका म्हणून जाऊ नका, बहीण म्हणून जा.

सप्टेंबरात अर्ज करायचा असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी नर्सिंग सुपरवायझरला सांगून मानसोपचार युनिटवर दोन फ्लोट (तात्पुरत्या) पाळ्या मागून घ्या. रात्रीच्याच घ्या, सवय आहे तुम्हाला. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान कुणीतरी उठून नर्सिंग स्टेशनच्या काचेपाशी येऊन उभं राहील आणि काहीतरी बोलायला लागेल. चार्टिंग बाजूला ठेवून तुम्ही त्याच्यापाशी किती वेळ उभ्या राहिलात, आणि घड्याळाकडे कितीदा पाहिलंत, तेवढं मला लिहून कळवा.